वेशीबाहेरची मुंबई



लग्नाची नोंद करताना वराचा संपूर्ण पत्ता लिहून घ्यावा लागतो. “मुलगा कोठे असतो?” असे विचारले की आपली माणसे मान उंच करून सांगतात, “मुंबईला असतो, फादर.” मग पत्ता लिहावयास घ्यावा, तो निघतो नालासोपारा पूर्वेचा, दिव्याचा, भिवंडीनजीकच्या काल्हेरचा, नाही तर अंबरनाथचा. कटंगीसारख्या दूरच्या गावातून पाहणाऱ्यास हा फरक क्षुल्लक वाटणे साहजिक आहे. दहिसर काय आणि विरार काय, एकच गाडी दोन्ही ठिकाणी थांबते. परंतु त्या मुलाच्या नळाला किती पाणी येते, त्याचे घर कायदेशीर आहे की उद्या पाडले जाणार आहे, रात्री-अपरात्री आजारपण आले तर मोठे इस्पितळ किती दूर आहे, या साऱ्या गोष्टी पुष्कळ अंशी त्या एका फरकावर अवलंबून असतात. म्हणून आजच्या सदरात त्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

‘मुंबई’ या एका नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी वावरत आहेत. पहिली म्हणजे १८८८ च्या कायद्याने चालणारी मुंबई महानगरपालिका. तिची वेस प्रथम १९५० मध्ये आणि नंतर १९५७ मध्ये उत्तरेकडे सरकली व पश्चिमेस दहिसर आणि पूर्वेस मुलुंड येथे येऊन थांबली. ती आजही तेथेच आहे. दुसरी मुंबई या वेशीपाशी थांबली नाही. ती रेल्वेच्या रुळांच्या कडेने विरारपर्यंत, कल्याण-बदलापूरपर्यंत, खाडी ओलांडून पनवेलपर्यंत पसरत गेली. या सर्व प्रदेशाच्या नियोजनासाठी १९७५ मध्ये एक प्राधिकरण नेमण्यात आले. आज या महानगर प्रदेशाचे क्षेत्र सहा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक असून त्यात नऊ महापालिका, कित्येक नगरपरिषदा आणि शेकडो खेडी आहेत. काम एक, बाजार एक, गाडी एक. पण तिजोऱ्या मात्र नऊ, आणि त्यांत एक तिजोरी एवढी मोठी की बाकीच्या तिच्यापुढे दिवाळीतल्या मातीच्या खेळण्यांसारख्या दिसाव्यात.

हे अलंकारिक बोलणे वाटू नये म्हणून थोडे आकडे देतो. मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक सुमारे ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. त्याच वर्षी ठाण्याचे सुमारे ५,६४५ कोटींचे आणि कल्याण-डोंबिवलीचे सुमारे ३,३६१ कोटींचे. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लाखांच्या आत. म्हणजे माणसे दहापट आणि पैसा बावीसपट. त्याच लोकसंख्येने भागाकार केला तर मुंबईत माणशी साठ हजार रुपयांच्या आसपास येतात, तर कल्याण-डोंबिवलीत सत्तावीस हजार. आता हेही खरे की मुंबईच्या त्या रकमेत समुद्रकाठच्या रस्त्यासारखी प्रचंड बांधकामे येतात आणि त्यांचा पैसा अंशतः जुन्या ठेवींतून येतो. परंतु ठेवी असणे हीच तर सधन घराची खूण आहे!

आणि माणसे कोणत्या बाजूला गेली? २००१ ते २०११ या दशकात जुन्या मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. त्याच काळात तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. घरे महागली, गिरण्या बंद पडल्या, आणि कष्टकरी माणूस रुळांच्या कडेकडेने वेशीबाहेर गेला. काम मात्र पुष्कळांचे वेशीच्या आतच राहिले. पहाटे अंधारात नालासोपाऱ्याहून निघून साठ किलोमीटरांच्या आत-बाहेरचा प्रवास उभ्याने करायचा, दिवसभर मुंबईची संपत्ती वाढवायची आणि रात्री झोपायला परत यायचे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन भरलेल्या गाड्या वळणावर शेजारून जात असता दारात लोंबकळणारी माणसे खाली पडून मृत्यू पावली. ती माणसे कामावर निघालेली होती.

येथे मूळ प्रश्न येतो. संपत्ती जेथे निर्माण होते तेथे कर जमा होतो. ती निर्माण करणारा माणूस जेथे झोपतो तेथे खर्च पडतो. त्याच्या मुलाची शाळा, त्याच्या गल्लीतला दिवा, त्याचे सांडपाणी, त्याच्या बायकोचे बाळंतपण, हा सारा भार झोपण्याच्या गावावर. ही गोष्ट आपल्या परिचयाची आहे. आठवड्याचा बाजार कटंगीत भरतो. माल आणणारे आणि घेणारे बहुतेक आसपासच्या खेड्यांतले. बाजाराच्या जागेचे पैसे जमा होतात ते नगरपरिषदेकडे. खेड्याचा रस्ता पावसाळ्यात चिखलात रुततो तेव्हा बाजाराचा तो पैसा तेथे येत नाही. कटंगीच्या बाबतीत ही रक्कम लहान, म्हणून तिची कोणी तक्रार करीत नाही. मुंबईच्या बाबतीत ती पर्वतप्राय आहे.

मुंबईचा हा पैसा प्रामुख्याने आला कोठून? जकातीतून, आपल्याकडे जिला चुंगी म्हणत, तिच्यातून. दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी येथील नाक्यांवर मालाचे ट्रक थांबत आणि शहरात शिरणाऱ्या मालावर कर घेतला जाई. जेवढी खरेदी-विक्री मोठी तेवढी जकात मोठी. इतर महापालिकांतून जकात २०१३ पर्यंत गेली. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही २०१५ मध्ये बहुतांशी रद्द झाला. मुंबईची जकात मात्र १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत चालू राहिली.

जकात गेली तेव्हा एक संधी होती. सबंध प्रदेशाचा व्यापार ज्या कराने पोसला त्याची भरपाई सबंध प्रदेशात गरजेप्रमाणे वाटण्याचा विचार करता आला असता. तसे झाले नाही. कायदा असा झाला की २०१६-१७ मध्ये ज्या संस्थेचे उत्पन्न जेवढे होते तेवढे तिला शासनाने द्यावे आणि त्यावर दरवर्षी आठ टक्के वाढ धरावी. जुलै २०१७ मध्ये मुंबईस पहिल्या महिन्याचे ६४७ कोटी रुपये मिळाले. आठ टक्क्यांचे चक्रवाढ गणित घरातल्या शाळकरी मुलानेही करून पाहावे. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात मुंबईने या एकाच सदराखाली चौदा हजार कोटींहून अधिक रक्कम धरली. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांचा एकूण अंदाजित पैसा एकत्र केला तरी तो याच्या दोनतृतीयांशाच्याही आत भरतो! ज्याचे जेवढे होते त्यास त्याच प्रमाणात वाढवून मिळावे, ही व्यवस्था वरवर निःपक्षपाती दिसते; पण धाकट्या भावाचे कुटुंब मधल्या काळात दुप्पट झाले आहे हे तिच्या हिशेबात कोठेच येत नाही.

दुसरे उदाहरण लहान आहे, परंतु मला ते अधिक बोचते. २०२२ मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. गरिबास दिलासा मिळाला याचा आनंदच आहे. परंतु ही माफी मुंबईच्या कायद्यात दुरुस्ती करून दिलेली आहे. त्यामुळे दक्षिण मुंबईत ४५० चौरस फुटांची, कोट्यवधी किमतीची जागा असलेला गृहस्थ या माफीत बसतो आणि नालासोपाऱ्याच्या एका खोलीत सहा माणसे राहणारे आपले कुटुंब त्या कायद्याच्या कक्षेतच येत नाही.

पाण्याची गोष्ट तर जुनी आहे. मुंबईस सात तलावांतून दररोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी मिळते. त्यांपैकी विहार आणि तुळशी हे दोनच शहरात आहेत. तानसा १८९२ चा, मोडकसागर १९५७ चा, नंतर उर्ध्व वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा; हे सारे डोंगरांत, शहरापासून कित्येक मैल दूर. ठाणे जिल्ह्याचा शहापूर तालुका हे या पाण्याचे माहेर म्हणावयास हरकत नाही. त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. मोठमोठे नळ आपल्या दारावरून गडगडत जाताना ऐकायचे आणि हंडा घेऊन टँकरची वाट पाहायची, हे तेथील आदिवासी स्त्रियांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाट्यास आले आहे.

वसई-विरारची तहान भागविण्यासाठी सूर्या नदीचे पाणी आणले गेले. सूर्या प्रकल्प मुळात पालघर-डहाणूकडील शेतीसाठी, तेथील आदिवासींच्या ओलितासाठी बांधला होता. अलीकडील प्रादेशिक योजनेतून ४०३ दशलक्ष लिटर पाणी दररोज शहरांकडे वळविण्याचे ठरले. त्यांतले १८५ वसई-विरारसाठी आणि २१८ मिरा-भाईंदरसाठी. म्हणजे जे उपनगर मुंबईकडे बोट दाखवून अन्यायाची तक्रार करते, त्याच्याकडे डहाणूचा शेतकरी तसेच बोट दाखवू शकतो. विषमतेची ही उतरंड आहे. खालचे मडके सर्वांचा भार वाहते आणि वरच्या मडक्यास ते दिसतही नाही.

आता घरांविषयी, कारण आपल्या कुटुंबांचा पैसा येथे गुंततो. जमिनीचा तुकडा विकून किंवा आईचे दागिने मोडून मुलगा ‘मुंबईत’ खोली घेतो. वेशीच्या आत त्याच्या ऐपतीची जागा नसते. म्हणून तो बाहेर जातो. बाहेर नगरपालिका दुबळी, नगररचना खाते अपुरे, बिल्डर आणि त्यास सांभाळून घेणारे मात्र बळकट. नालासोपारा पूर्वेस ४१ इमारती उभ्या राहिल्या त्या कोणत्या जागेवर? विकास आराखड्यात सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर. न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत त्या पाडण्यात आल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. ज्यांनी खोल्या विकल्या ते निराळे, ज्यांनी भोगले ते निराळे. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बाबतीत तर परवानगीची कागदपत्रेच बनावट निघाली. त्या कागदांच्या आधारे शासनाच्या स्थावर संपदा प्राधिकरणाकडे नोंदणीही झालेली होती. त्या पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये, २६ तारखेच्या मध्यरात्री, विरारमधील रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा बळी गेला.

अशा बातम्या आल्या म्हणजे सुशिक्षित माणसे म्हणतात की लोकांनी कागद पाहून घर घ्यावे. सल्ला योग्य आहे. मीही पुढे तोच देणार आहे. परंतु तो देताना इतके तरी ध्यानात असावे की गरिबाने अवैध घर आवडीने घेतलेले नसते. त्याच्या मजुरीवर मुंबई चालते, पण त्याच्या मजुरीत परवडेल असे कायदेशीर घर त्या मुंबईने बांधलेलेच नाही.

‘मग सारे एकाच महापालिकेत घालावे, म्हणजे भांडणच मिटेल’, असे कोणास वाटेल. वसईचा अनुभव निराळे सांगतो, आणि तेथील बरीचशी गावे आपल्याच श्रद्धेच्या मराठी कुटुंबांची असल्याने तो आपण जाणून घेण्यासारखा आहे. (सोपारा हे नावच आपणांस परके वाटू नये. १३२१ साली ठाण्यात मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन धर्मबंधूंचे देह जॉर्डानस या धर्मगुरूने जेथे आणून पुरले ते हेच सोपारे. आणि त्याच्याही दीड हजार वर्षे आधी अशोकाने जेथे शिलालेख कोरविला तेही हेच.) वसईच्या पश्चिम पट्ट्यात केळीच्या, पानवेलींच्या, फुलांच्या वाड्या आहेत. तेथील शेतकरी स्त्रिया पहाटेच्या गाडीने भाजी आणि फुले घेऊन दादरच्या बाजारात जात आल्या. १९८० च्या दशकाअखेर हा हिरवा पट्टा बांधकामास मोकळा होऊ लागला तेव्हा ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे. ‘सुवार्ता’चे संपादक आणि पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांना पुष्कळ जण ओळखत. २०२४ मध्ये ते निवर्तले.

३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा यांतील अनेक गावांनी कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे सरळ होते. ‘आमच्या विहिरींतले पाणी टँकरने तुमच्या नव्या वसाहतींस जाते, आमच्या वाड्यांवर तुमच्या आरक्षणाच्या रेघा ओढल्या जातील, कर शहराचा येईल आणि सोयी खेड्याच्याच राहतील.’ २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली. ती न्यायालयात गेली आणि प्रकरण वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले. कल्याणजवळच्या २७ गावांची कथाही तशीच. १९८३ मध्ये ती महापालिकेत घातली, २००२ मध्ये काढली, २०१५ मध्ये पुन्हा घातली. पत्त्यांच्या डावात पान टाकावे आणि उचलावे तसे! गावकऱ्यांस विचारण्याचे कष्ट क्वचितच कोणी घेतले. एकत्र नांदणे ही चांगली गोष्ट आहे. पण मोठ्या घरात नेऊन ओसरीवर बसवणे म्हणजे एकत्र नांदणे नव्हे, आणि ओसरीवर बसण्याचे भाडे मागणे तर नव्हेच.

मुंबईची बाजूही न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. १९२६ पासून चाललेले के.ई.एम. रुग्णालय मुंबई महापालिकेच्या खर्चाने चालते. तेथे पालघरचा, रत्नागिरीचा आणि आपल्याकडचाही रुग्ण जातो आणि त्यास परत पाठविले जात नाही. ठाणे आणि भिवंडीस थोडे पाणीही मुंबई पुरविते. शिवाय वेशीच्या आत सारे सुखी आहेत असे मुळीच नाही. २०११ मध्ये मुंबईची चाळीस टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्ट्यांत होती. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात मलबार हिलचा ‘डी’ विभाग सर्वांत वर, ०.९६ या गुणांकावर होता. गोवंडी-मानखुर्दचा ‘एम पूर्व’ विभाग सर्वांत खाली, ०.०५ वर. शहराचा कचरा १९२७ पासून ज्या देवनारात टाकला जात आला ते देवनार याच ‘एम पूर्व’ विभागात आहे. म्हणजे श्रीमंत तिजोरी असूनही आतली असमानता आपोआप मिटली नाही. तरीही एक भेद राहतोच. गोवंडीचा रहिवासी मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत मत देतो आणि निदान त्या तिजोरीवर हक्क सांगू शकतो. नालासोपाऱ्याचा रहिवासी दिवसाचे दहा तास तेथे राबूनही तिच्या दारात उपराच.

यावर जगात कोणी काही उपाय केला आहे काय? केला आहे, आणि तो समजण्यास अवघड नाही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही जुळी शहरे व त्यांच्याभोवती पुष्कळ लहान-मोठी उपनगरे आहेत. एखाद्या उपनगरात मोठा कारखाना किंवा बाजार आला की त्याची तिजोरी भरे आणि शेजारचे कामगारांचे उपनगर कोरडे राही. उपनगरे कारखाने पळविण्यासाठी आपसांत भांडू लागली. १९७१ मध्ये तेथील विधिमंडळाने कायदा केला की त्या सालानंतर व्यापारी व औद्योगिक मालमत्तेच्या करपात्र मूल्यात जी वाढ होईल तिच्यातला ४० टक्के भाग प्रत्येक गावाने सामाईक भांडारात द्यावा, आणि त्यातून लोकसंख्या व गरज पाहून सर्वांना वाटणी व्हावी. जुने कोणाचे काही घेतले नाही. केवळ वाढीतला हिस्सा घेतला. बर्न्सव्हिल नावाच्या एका सधन उपनगराने न्यायालयात धाव घेतली. १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. पॅरिसच्या परिसरातही सधन नगरांकडून घेऊन निर्धन नगरांस देणारा निधी १९९१ पासून आहे.

आपल्या मुंबईच्या आठ टक्क्यांशी हे ताडून पाहावे. तेथे वाढीतला हिस्सा सामाईक झाला. येथे वाढ ज्याची त्यास बांधून दिली. उद्या कोणी ठरविले की मुंबईचे हे चौदा हजार कोटी तसेच राहू द्यावेत, मात्र पुढील वाढीतला काही भाग भिवंडी, उल्हासनगर, वसई-विरार आणि शहापूरच्या पाड्यांसाठी ठेवावा, तर मुंबईच्या एकाही शाळेचा दिवा विझणार नाही. आपल्या राज्यघटनेत १९९२ च्या दुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद आहेच. सबंध प्रदेशाने एकत्र बसून पाण्याचा आणि पैशाचा विचार करावा हाच तिचा हेतू. तरतूद कागदावर आहे. भिवंडीतल्या मजुराच्या हातात तिचे काय पडले हे तेथे जाऊन पाहावे.

भिवंडीचे नाव पुन्हा घेतो, कारण तेथील गोदामांत आपल्या भागातील मुले ओझी उचलतात. ही गोदामे तेथेच का उभी राहिली हे जाणण्यासारखे आहे. जकात वाचविण्यासाठी व्यापारी मुंबईच्या वेशीबाहेर माल साठवीत आणि लागेल तसा आत नेत. काल्हेर, कशेळी, पूर्णा, वळ, दापोडे, माणकोली या ग्रामपंचायतींच्या भातशेतीवर पत्र्यांची रांग लागली. जकात गेली, गोदामे राहिली, आता घरपोच सामान पोहोचविणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा माल तेथून सबंध महानगरात जातो. ग्रामपंचायत ती ग्रामपंचायतच. अवजड ट्रकांनी रस्त्यांची चाळण झाली आहे, आणि गोदामात आग लागली तर बंब शहरातून यायचा.

नागपूरही त्याच वाटेने निघाले आहे, आणि नागपूर तर आपल्यास अंगणाइतके जवळ. २०१७ मध्ये तेथे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण झाले असून शहराभोवतीची सातशेहून अधिक गावे त्याच्या कक्षेत आली आहेत. हिंगणा आणि बुटीबोरीचे कारखाने शहराबाहेर, कोराडीची वीज आणि राख शहराबाहेर, आणि स्वस्त प्लॉटचे फलकही शहराबाहेरच्याच रस्त्यांवर. आपल्यातील ज्यांनी तेथे प्लॉट घेण्याचे मनात आणले असेल त्यांनी बिसार देण्यापूर्वी सातबारा पाहावा, जमीन अकृषिक झाली आहे काय हे पाहावे आणि लेआउट मंजूर आहे काय हे दलालाच्या तोंडून न ऐकता प्राधिकरणाच्या कचेरीत जाऊन विचारावे. ‘आर.एल. पुढच्या महिन्यात येते’ असे सांगणाऱ्यास ‘मग पैसेही पुढच्या महिन्यात’ असे सांगण्यास संकोच करू नये. मुंबईकडे घर घेणाऱ्याने बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र यांचे क्रमांक लिहून घ्यावेत व महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः पडताळून पाहावेत. एका दिवसाची मजुरी बुडेल. ६५ इमारतींतील लोकांपाशीही कागद होते, म्हणून हे पडताळणे विशेष महत्त्वाचे.

आणखी एक काम आहे, ते घरबसल्या होण्यासारखे आहे. सरकारी अनुदानांच्या वाटणीत लोकसंख्या हा मोठा निकष असतो, आणि ती लोकसंख्या जनगणनेतून येते. २०२१ ची जनगणना झाली नाही; त्यामुळे वसई-विरारची माणसे सरकारी कागदांत दीर्घकाळ २०११ ची बारा लाखच राहिली, प्रत्यक्षात तेथे किती गाड्या भरून माणसे उतरली ते आपणच जाणता. नव्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ जाहीर झाला आहे. प्रगणक कटंगीत किंवा आपल्या खेड्यात आला की ‘घरात माणसे किती?’ या प्रश्नास उत्तर देताना आई-वडील वर्षानुवर्षे बाहेर असलेल्या मुलाचे नावही प्रेमाने सांगून टाकतात, आणि तिकडे खोलीला कुलूप पाहून प्रगणक निघून जातो. तसे होऊ देऊ नये. जो मुलगा गणनेच्या सबंध काळात नालासोपाऱ्यास राहणार आहे त्याची मोजणी नालासोपाऱ्यास झाली पाहिजे. यात आपल्या नगरपरिषदेचे किंवा पंचायतीचे एक डोके कमी होईल हे मला ठाऊक आहे. पण तो पाणी पितो तेथले. या रविवारी फोन कराल तेव्हा त्याला एवढे सांगा की प्रगणकाची वेळ शेजाऱ्यास विचारून ठेव, त्या दिवशी पाळी बदलून घे, आणि खोलीत राहणाऱ्या सहाही जणांची नावे लिहविल्याखेरीज त्याला जाऊ देऊ नकोस.